गावातल्या सरकारी बांधकामाची निविदा सूचना: काढायची कशी, तपासायची कशी

सिमेंट रस्ता, नाली, अंगणवाडीची खोली, स्मशानशेड, पांदण रस्त्याचं खडीकरण. खेड्यातल्या कामाची फाइल अडकते तेव्हा दोष काँक्रीटमध्येच असतो असं नाही. पुष्कळदा निविदा सूचनेवरची एखादी तारीख चुकलेली असते, नाहीतर सूचना लावल्याचा पुरावाच नसतो. मग डावललेला ठेकेदार तक्रार करतो, लेखापरीक्षक आक्षेप काढतो आणि रस्ता आणखी एक पावसाळा काळ्या मातीच्या चिखलात राहतो. सूचना काढणारे सरपंच आणि ग्रामसेवक (आताचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) यांच्यासाठी आणि बोर्डावरची सूचना वाचून प्रश्न विचारणाऱ्या गावकऱ्यांसाठी ही माहिती आहे.

सूचनेच्या आधीचे कागद

सूचना टाइप करायला घेण्याआधी फाइलमध्ये कामाचा ठराव, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता आणि मंजूर निविदा मसुदा लागतो. या मसुद्याला कार्यालयात सगळे डीटीपी (ड्राफ्ट टेंडर पेपर्स) म्हणतात. तारखांचा क्रमही हाच हवा. तांत्रिक मान्यता २० तारखेची आणि सूचना १५ तारखेची असेल, तर पुढचं सगळं बिनचूक असूनही आक्षेप लागतो. मार्च महिन्यात निधी परत जाण्याच्या भीतीने हे हमखास घडतं.

जागेचे कागदही आत्ताच बघा. सभामंडपाच्या जागेचा उतारा कोणाच्या नावावर आहे, पांदण रस्ता गाव नकाशावर आहे का, धुऱ्यावर अतिक्रमण आहे का, हे निविदा निघाल्यावर उकरून काढलं तर कार्यारंभ आदेश देऊनही काम सुरू होत नाही. ठेकेदार मात्र मुदतवाढ आणि भाववाढ मागायला मोकळा होतो.

रकमेचा घोळ सगळ्यात जास्त. प्रशासकीय मान्यतेच्या रकमेत जीएसटी, १ टक्का बांधकाम कामगार कल्याण उपकर, गौण खनिजाचं स्वामित्वधन, साहित्य चाचणी आणि आकस्मिक खर्च असं बरंच काही धरलेलं असतं. निविदेला ठेवलेली रक्कम बहुधा त्याहून कमी असते. सूचनेत एक आकडा, परिमाण पत्रकात (कामाच्या बाबी आणि त्यांचं प्रमाण यांचा तक्ता) दुसरा आणि वर्तमानपत्रात तिसरा छापला गेला की बयाणा रक्कम, म्हणजे निविदेसोबत भरायची अनामत, कशावर मोजायची हा वाद सुरू होतो. म्हणून सूचनेत ‘निविदेस ठेवलेली रक्कम’ असेच शब्द वापरा आणि त्यात जीएसटी आहे की नाही ते त्याच ओळीत लिहा.

हे काम निविदेत बसतं का

राज्य शासनाने २०१४ मध्ये ३ लाख रुपयांवरच्या कामांना ई-निविदा बंधनकारक केली. त्यानंतर ही मर्यादा विभागागणिक आणि योजनेगणिक बदलत आली आहे. त्यामुळे जुन्या फाइलवरून मर्यादा उचलू नका. पंचायत समितीतून चालू शासन निर्णयाची प्रत घ्या, तिचा क्रमांक आणि दिनांक टिपणीत लिहा आणि प्रत फाइलला लावा. केंद्राच्या विभागाने थेट काढलेल्या कामाला २०१७ चे सामान्य वित्तीय नियम लागतात. त्यांत जाहीर निविदेसाठी साधारणपणे किमान तीन आठवडे द्यावे लागतात आणि हे आठवडे सूचना प्रसिद्ध झाल्यापासून किंवा निविदा कागदपत्रं उपलब्ध झाल्यापासून, यांत जी तारीख नंतरची असेल तिच्यापासून मोजायचे असतात.

सगळीच कामं खुल्या निविदेत येत नाहीत. मर्यादेखालची कामं काम वाटप समितीमार्फतही दिली जातात. तिथे मजूर सहकारी संस्थांना ३३ टक्के, सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना ३३ टक्के आणि खुल्या गटाला ३४ टक्के अशी वाटणी असते. असं काम महाटेंडर्स या राज्याच्या ई-निविदा पोर्टलवर सापडलं नाही म्हणून लगेच घोटाळा म्हणता येत नाही. त्यासाठी काम वाटपाची यादी आणि सभेचं इतिवृत्त मागावं.

खरी शंका घ्यावी ती तुकड्यांची. एकाच गल्लीचा रस्ता ‘पाटलांच्या घरापासून मारुतीच्या पारापर्यंत’ आणि ‘मारुतीच्या पारापासून शाळेपर्यंत’ अशा दोन कामांत मोडलेला, दोन्हींची रक्कम मर्यादेच्या अगदी खाली आणि दोन्ही मान्यता एकाच तारखेच्या. निविदा टाळण्यासाठी काम तोडणं हा नियमभंगच आहे आणि साखळी क्रमांक (रस्त्याच्या सुरुवातीपासून मोजलेलं अंतर) शेजारी शेजारी ठेवले की तो झाकता येत नाही.

सूचनेत काय लिहायचं

सूचना लांबलचक नको, पण पुढच्या मजकुरातली एकही गोष्ट गाळता येत नाही. नमुना असा:

ई-निविदा सूचना क्र. ……, दिनांक ……
ग्रामपंचायत कार्यालय ……, पंचायत समिती ……, जि. ……
कामाचं नाव: मौजा …… येथे वॉर्ड क्र. ३ मध्ये …… ते …… सिमेंट काँक्रीट रस्ता करणे, लांबी २२० मीटर, रुंदी ३ मीटर
योजना व लेखाशीर्ष: ……
प्रशासकीय मान्यता क्र. व दिनांक: ……  तांत्रिक मान्यता क्र. व दिनांक: ……
निविदेस ठेवलेली रक्कम: रु. ११,८४,६०० (जीएसटी वगळून)
बयाणा रक्कम: रु. ……  निविदा शुल्क: रु. ……
निविदेचा प्रकार: टक्केवारी दर, बी-१
काम पूर्ण करण्याची मुदत: कार्यारंभ आदेशापासून ३ महिने
दोष दायित्व कालावधी (या काळात निघालेला दोष ठेकेदाराने दुरुस्त करायचा): काम पूर्ण झाल्यापासून …… महिने
निविदा डाउनलोड: दि. …… वेळ …… ते दि. …… वेळ ……
शंका विचारण्याची मुदत: दि. …… वेळ …… पर्यंत
निविदा सादर करण्याची अंतिम वेळ: दि. …… वेळ ……
तांत्रिक लिफाफा उघडणे: दि. …… वेळ ……
ठिकाण: महाटेंडर्स पोर्टल
एक किंवा सर्व निविदा कारण नमूद करून नाकारण्याचा अधिकार राखून ठेवला आहे.
सही, पदनाम, जावक क्रमांक

‘मौजा’ नंतर तालुका लिहायला विसरू नका. वडगाव, पिंपरी, खैरी या नावांची गावं विदर्भात तालुक्या-तालुक्याला आहेत. कामाची लांबी-रुंदी सूचनेतच लिहिली की गावकऱ्याला उद्या टेप घेऊन रस्ता मोजता येतो. कदाचित म्हणूनच अनेक सूचनांमध्ये ती नसते.

निविदेचा प्रकार लिहिण्यालाही अर्थ आहे. बी-१ मध्ये कार्यालयाने दर दिलेले असतात आणि ठेकेदार एवढंच सांगतो की इतके टक्के कमी किंवा इतके टक्के जास्त. बी-२ मध्ये प्रत्येक बाबीचा दर तो स्वतः भरतो. सूचनेत बी-१ आणि पोर्टलवर मात्र बाबनिहाय दराची एक्सेल फाइल चढली, तर आलेल्या निविदांची तुलनाच करता येत नाही आणि फेरनिविदेशिवाय इलाज उरत नाही.

दिवस कसे मोजायचे

सूचना पोर्टलवर खरोखर दिसू लागली तो दिवस धरायचा नाही, मोजणी दुसऱ्या दिवसापासून करायची. सूचना ३ तारखेला संध्याकाळी ५ वाजता प्रसिद्ध झाली आणि २१ दिवस द्यायचे असतील, तर ४ तारीख हा पहिला दिवस आणि २४ तारीख हा एकविसावा. अंतिम वेळ २४ ची सकाळी ११ ठेवली तर एकविसावा दिवस पुरा भरत नाही. ती २५ तारखेच्या दुपारची ठेवा, म्हणजे वादच उरत नाही. सूचनेवरची तारीख आणि पोर्टलवरची तारीख वेगळी असेल तर पोर्टलवरची खरी. सूचना १ तारखेची आणि ती चढवली ६ तारखेला, हा प्रकार टाळा. पोर्टलवर सगळं भरून झाल्यावर तीच तारीख सूचनेवर घाला.

अंतिम तारीख पोळा, दिवाळी किंवा लागून आलेल्या सुट्ट्यांत पडू देऊ नका. बँक बंद असेल तर बयाणा रक्कम अडकते आणि सुट्टीत निविदा काढल्याने स्पर्धा टाळली अशी तक्रार येते. अंतिम वेळ आणि उघडण्याची वेळ यांत निदान एक दिवस सोडा.

अल्पमुदतीची सूचना काढता येते. पण तातडीचं कारण लेखी हवं आणि त्यावर सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी सूचनेच्या आधीच्या तारखेची हवी. पुराने पूल वाहून जाणं हे तातडीचं कारण झालं. ३१ मार्च जवळ येणं हे नाही.

आचारसंहितेचं वेळापत्रकही बघून घ्या. ती लागल्यावर नवी निविदा काढता येत नाही आणि ज्या कामाला आदेश दिलेला नाही त्याचा कार्यारंभ आदेशही देता येत नाही.

पोर्टलवर काय चुकतं

महाटेंडर्सवर सूचना चढवताना कार्यालयाची साखळी (विभाग, उपविभाग, कार्यालय असा क्रम), ठिकाण आणि पिन कोड नीट भरा. दुसऱ्याच उपविभागाखाली चढलेली निविदा रीतसर प्रसिद्ध झालेली असते, पण शोधणाऱ्याला सापडत नाही. कामाचं नाव निव्वळ ‘सीसी रोड’ एवढंच ठेवलं तरी तोच परिणाम.

निविदा उघडणाऱ्या अधिकाऱ्यांची नावं प्रसिद्धीच्या वेळीच नेमावी लागतात. ‘दोघांपैकी दोन’ असं ठेवलं आणि मधेच एकाची बदली झाली किंवा डिजिटल स्वाक्षरीची मुदत संपली, तर निविदा उघडत नाही. ‘तिघांपैकी दोन’ किंवा ‘चौघांपैकी दोन’ ठेवणं शहाणपणाचं. नेमलेल्या सगळ्यांच्या स्वाक्षरीची मुदत उघडण्याच्या तारखेच्या पुढे आहे ना, हे आधी तपासा.

परिमाण पत्रकाची एक्सेल फाइल ठेकेदाराला नाव न बदलता परत चढवावी लागते. हे सूचनेच्या अटींत ठळक लिहिलं तर नवख्या ठेकेदाराची निविदा क्षुल्लक कारणाने बाद होत नाही. प्रसिद्धीनंतर लॉगिन न करता, साध्या मोबाइलवरून निविदा शोधा, प्रत्येक फाइल उघडून बघा आणि त्या पानाची तारीख-वेळेसह छापील प्रत फाइलला लावा. कोरं पान, सही नसलेली सूचना, शेजारच्या गावाचा नकाशा, असं काहीही तिथे चढलेलं निघू शकतं.

बोर्ड, चावडी आणि वर्तमानपत्र

ऑनलाइन सूचनेने गावातली सूचना माफ होत नाही. ग्रामपंचायतीचा फलक, पंचायत समिती, तलाठी कार्यालय आणि जिथे काम होणार तो वॉर्ड, एवढ्या ठिकाणी प्रत लावा. काचेच्या कुलूपबंद पेटीचा फलक नसेल तर कागद प्लास्टिकमध्ये घाला. जुलै-ऑगस्टच्या झडीत उघडा कागद दोन दिवस टिकत नाही.

सूचना चिकटवल्याचा छोटा पंचनामा करा: ठिकाण, तारीख, वेळ, लावणाऱ्याचं नाव आणि त्या परिसरातल्या दोन पंचांच्या सह्या. सोबत तारीख उमटलेला फोटो. मुदत संपल्यावर सूचना काढल्याची नोंदही तिथेच. पंचनामा लिहायला दहा मिनिटं लागतात आणि ‘सूचना लावलीच नव्हती’ या तक्रारीला त्याच्याइतकं नेमकं उत्तर दुसरं नाही. पंच म्हणून ग्रामपंचायतीचा शिपाई आणि सरपंचाचा भाऊ नकोत.

दवंडीची परंपरा ग्रामसभेच्या नोटिशीची असली तरी मोठ्या कामाच्या सूचनेलाही ती द्यावी. घरातल्या माणसाला कळतं ते कोतवालाच्या आवाजाने किंवा मंदिरावरच्या भोंग्याने. पोर्टल पाहतो तो ठेकेदार.

वर्तमानपत्रात संक्षिप्त सूचना पुरते: कामाचं नाव, रक्कम, तारखा आणि पोर्टलचं नाव. मात्र आवृत्ती तपासा. वणीच्या कामाची जाहिरात अकोल्याच्या आवृत्तीत छापून आली तर ती नसल्यासारखीच. फाइलला नुसतं कात्रण लावू नका. वर्तमानपत्राचं नाव, आवृत्ती आणि तारीख दिसेल असं आख्खं पान ठेवा.

पेसा गावांत

गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ आणि अमरावतीच्या अनुसूचित क्षेत्रांत पेसा कायदा (आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा) लागू आहे. इथे गावाची योजना ग्रामसभेने मंजूर करायची असते आणि खर्च झाल्यावर निधी वापराचं प्रमाणपत्रही ग्रामसभाच देते. म्हणून सूचनेत ग्रामसभेच्या ठरावाचा क्रमांक लिहा आणि तो ग्रामपंचायतीच्या मासिक सभेचा नाही ना, हे बघा. एका ग्रामपंचायतीत अनेक टोले, पाडे किंवा मेळघाटात ढाणे असतील, तर प्रत्येक ठिकाणी सूचना लावावी. धारणी-चिखलदऱ्यात कोरकूत आणि भामरागड-एटापल्लीकडे माडियात तोंडी सांगितली तरच ती पोहोचली म्हणायची.

अटी: स्पर्धा मारणारी कलमं

सूचना वेळेत निघाली, सगळीकडे लागली आणि तरी तिन्ही निविदा एकाच माणसाच्या ओळखीतून आल्या, असं होतं तेव्हा गोम अटींत असते. कनिष्ठ अभियंत्याकडून स्थळ पाहणीचा दाखला आणा, ही अट दिसायला निरुपद्रवी. पण दाखला घ्यायला कोण कोण आलं हे कळलं की कोण निविदा भरणार तेही फुटतं आणि रिंग करणाऱ्यांचं, म्हणजे आपसांत ठरवून निविदा भरणाऱ्यांचं, काम सोपं होतं. त्याऐवजी ठेकेदाराचं स्वयंघोषणापत्र घ्या. बारा लाखांच्या रस्त्याला पन्नास लाखांच्या तशाच कामाचा अनुभव, ठरावीक कंपनीचंच साहित्य, स्वतःच्याच मालकीची यंत्रसामग्री, ही सगळी त्याच जातीची कलमं.

एकदा छापलेली अट मात्र सूचना काढणाऱ्यालाही बांधते. मुंबई विमानतळावरच्या उपाहारगृहाच्या निविदेत पाच वर्षांच्या अनुभवाची अट होती. ती पूर्ण न करणाऱ्याला ठेका दिला गेला. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की स्वतः जाहीर केलेली पात्रतेची अट शासकीय संस्थेला मनाला येईल तशी सोडता येत नाही, कारण ती अट वाचून घरी बसलेल्या इतरांवर अन्याय होतो. न पेलणारी अट उघडताना शिथिल करण्यापेक्षा आधीच न छापलेली बरी.

शुद्धिपत्रक

चूक सापडली तर फोनवर सांगून चालत नाही. शुद्धिपत्रक क्रमांक टाकून काढा आणि जिथे मूळ सूचना लागली त्या प्रत्येक ठिकाणी लावा, पोर्टल, फलक, वर्तमानपत्र, सगळीकडे. अक्षराची चूक असेल तर तारीख बदलायची गरज नाही. दर, परिमाण किंवा पात्रता बदलली तर मुदत वाढवावीच लागते, नाहीतर नव्या आकड्यांवर हिशेब करायला ठेकेदाराला वेळ कुठून मिळणार? परिमाण पत्रक बदललं तर आधी भरलेल्यांना निविदा पुन्हा सादर करावी लागते. ही ओळ शुद्धिपत्रकातच लिहा. शेवटच्या दिवशी संध्याकाळी निघालेलं शुद्धिपत्रक हे तक्रारीला आमंत्रणच.

गावकऱ्याने कसं तपासायचं

महाटेंडर्स पाहायला नाव नोंदवावं लागत नाही. कार्यालयानुसार किंवा ठिकाणानुसार निविदा शोधता येतात, मुदत संपलेल्या निविदा आणि त्यांची सद्यस्थिती वेगळ्या भागात दिसते. गावाचं नाव इंग्रजीत भरताना दोन-तीन प्रकारे लिहून बघा. वडगावचा ‘व’ कोणी डब्ल्यूने लिहितं, कोणी व्हीने. निविदा क्रमांक एकदा मिळाला की तो वहीत लिहून ठेवा. पुढचा सगळा माग त्यावरच लागतो. ग्रामपंचायतीने स्वतः केलेल्या वित्त आयोगाच्या कामांसाठी ई-ग्रामस्वराज पोर्टलवर आराखडा आणि झालेला खर्च पाहता येतो.

आक्षेप असेल तर तो निविदा उघडण्याच्या आधी, लेखी, गटविकास अधिकाऱ्यांकडे द्या आणि पोच घ्या. काम सुरू झाल्यावर तीच तक्रार अर्धी मरते.

कागद मिळत नसतील तर माहितीचा अधिकार. अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क नाही. ‘सर्व माहिती द्यावी’ असं लिहू नका. सूचना, ती लावल्याचा पंचनामा, शुद्धिपत्रकं, तुलनात्मक तक्ता, कार्यारंभ आदेश आणि मोजमाप पुस्तिकेची पानं, अशी नावं घेऊन प्रमाणित प्रती मागा. उत्तराची मुदत ३० दिवस, नाही मिळालं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. याच कायद्याखाली चालू कामाची पाहणी आणि साहित्याचा प्रमाणित नमुनाही मागता येतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत असे राज्य शासनाचे २०१८ चे निर्देश आहेत. प्रती मागण्याआधी एक सोमवार फाइल चाळण्यात घालवला तर अर्ज नेमका होतो.

कामावरचा फलक

कार्यारंभ आदेश निघाला की कामाच्या जागी फलक लागायला हवा: कामाचं नाव, लांबी-रुंदी, योजना, मंजूर रक्कम, करारनाम्याची रक्कम, ठेकेदार, सुरू आणि पूर्ण होण्याच्या तारखा, दोष दायित्व कालावधी, देखरेख करणारा अभियंता. मंजूर रक्कम आणि करारनाम्याची रक्कम या दोन्ही लिहायला लावा. ठेकेदाराने निविदा किती टक्के बिलो (ठेवलेल्या रकमेपेक्षा कमी) भरली ते त्यावरून कळतं. फार बिलो भरलेल्या कामाला अतिरिक्त सुरक्षा ठेव घेतली आहे का, हे फाइलमध्ये बघायचं. फलक पहिल्या हप्त्याच्या देयकाआधी लागला पाहिजे आणि त्याचा फोटो देयकासोबत जोडला पाहिजे. पत्र्याचा फलक दुसऱ्या वर्षी गंजतो किंवा कोणाच्या गोठ्यावर जातो. दोष दायित्व कालावधी संपेपर्यंत मजकूर राहायचा असेल तर सिमेंटचा चौथरा करून त्यावर रंगवून घ्या आणि त्याचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरा.